मागच्या वेळी किती होता?

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पनवेलमधल्या एका खासगी इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर. खोलीत आम्ही चौघं होतो. टेबलामागे डॉक्टर, समोर आत्या, तिच्या शेजारी तिचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, आणि दाराशी मी. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट हातात घेतला, आकड्यावर पेन टेकवलं आणि दादाला म्हणाले, "चार पूर्णांक सात. पाचच्या आत आहे. नॉर्मल. तीन महिन्यांनी या."

आत्या उठली नाही.

"मागच्या येली किती होता?" तिने विचारलं.

डॉक्टर हसले. "मावशी, नॉर्मल म्हणजे नॉर्मल. मागचं कशाला उकरायचं? जेवा, झोपा, मजेत राहा."

"ते राहीन वो. पन मागच्या येली किती होता?"

"आई, चल ना," दादा म्हणाला. "बाहेर लोक खोळंबलेत."

आणि मी? मी पत्रकं लिहिणारी, सभेत माइक हिसकावणारी, पाण्याच्या टाकीवरून नगरसेवकाला भर रस्त्यात अडवणारी मी? मी दार उघडून धरलं.

हा आकडा कसला, ते आधी सांगते, कारण आम्हाला ते कोणी धड सांगितलं नव्हतं. आतड्याच्या कॅन्सरच्या पुष्कळ गाठी रक्तात एक प्रथिन सोडतात. त्याला सीईए म्हणतात, लॅबवाले 'मार्कर' म्हणतात. ऑपरेशनआधी तो चढलेला असेल आणि गाठ काढल्यावर पडला, तर पुढे दर काही महिन्यांनी तो मोजायचा. पुन्हा चढायला लागला की समजायचं, कुठेतरी काहीतरी शिजतंय, शोधा. सगळ्यांच्या बाबतीत तो चढतोच असं नाही. काहींचा दुखणं परत आलं तरी ढिम्म हलत नाही, काहींचा भलत्याच कारणाने वाढतो. पण आत्याचा ऑपरेशनआधी बावीस होता आणि नंतर एक पूर्णांक चार झाला. म्हणजे तिच्यापुरता हा आकडा बोलका होता. फक्त ऐकणारा कोणीतरी हवा होता.

ऑपरेशन झालं तेव्हा याच डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा आजार परत आला तर बहुधा यकृतात येतो, आणि तिथे एखादीच गाठ असताना सापडली तर तीही कापून काढता येते. सगळा खेळ लवकर सापडण्याचा आहे. हे त्यांचेच शब्द. आत्याला हे कोणी सांगितलं नाही. तिला सांगितलं, "घाण काढली सगळी, आता काळजी नाही."

आत्या पनवेलजवळच्या गव्हाण गावची. आमच्या घरची मिठागरं नव्या शहरात गेली, शेती गेली, जमिनीच्या पैशांतून दादाने खारघरला सतराव्या मजल्यावर घर घेतलं. आत्या तिथे आठ दिवस राहिली आणि परत आली. "त्या घरान वास नाय कसला," म्हणाली. तिला वास लागतो तो सुक्या मासळीचा. पनवेलच्या बाजारात ती जवळा, सुकट, बोंबील घेऊन बसते, माझ्या जन्माआधीपासून. अक्षरं ती अडखळत वाचते, आकडे मात्र पक्के.

तिचा धंदा मी लहानपणापासून बघत आले आहे. सकाळी पोतं उघडलं की ती कालच्या पोत्यातली मूठभर मासळी बाजूला काढते आणि आजची मूठ तिच्या शेजारी ठेवते. दोन्ही हातांनी दाबते, कानाशी नेऊन चुरगाळते. एकट्या मुठीवर ती कधीच विश्वास ठेवत नाही. एकदा मी म्हटलं, "कोरडी आहे की गं, दिसतंय." तर म्हणाली, "तुला दिसतं गो. पन कालच्याहून नरम हाय. आज नरम, परवा बुरशी." तो सगळा माल तिने पुन्हा उन्हात टाकला.

रक्त पडायला लागलं तेव्हा ती मूळव्याध समजून गप्प बसली होती. मग एक दिवस बाजारात चक्कर येऊन पडली, तपासण्या झाल्या, त्या मंगळवारच्या आदल्या वर्षी मे महिन्यात ऑपरेशन झालं. पुढे केमो, सलाइनची आणि गोळ्यांची, वर्ष सरेपर्यंत. हातापायांना मुंग्या येत, गार पाण्याला हात लावता येत नसे. तरी सांगायची, "बरी हाय." जानेवारीत आकडा आला एक पूर्णांक पाच. डॉक्टर म्हणाले, ट्रीटमेंट संपली.

आमच्याकडे मोठ्या दुखण्यातून माणूस उठलं की त्या दुखण्याचं सगळं होळीत जातं. चटई, औषधांच्या चिठ्ठ्या, उशीची खोळ. त्या शिमग्याला गावच्या होळीत आत्याची फाइल गेली. दादा ती डोक्यावर घेऊन नाचत आला. बाया ओरडत होत्या, "जालून टाक रं, परत नको त्या दुखन्याचं तोंड बघाला!" सोनोग्राफीच्या फिल्म आधी वाकल्या, मग पेटल्या. आत्याने शेवटच्या क्षणी फाइलवरची प्लास्टिकची पिशवी तेवढी ओढून घेतली. "पिशवी चांगली हाय, ती कं जालायची?" सगळे हसले. मी टाळ्या वाजवल्या. अंधश्रद्धेविरुद्ध रस्त्यावर उभी राहणारी मी, मला वाटलं, एवढं सोसलंय तिने, करू दे.

नंतरचे रिपोर्ट दादाच्या फोनवर यायचे. तो ते घरच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली सगळ्यांचे अंगठे. एप्रिलमध्ये, 'आईचा रिपोर्ट नॉर्मल.' सोळा अंगठे. जुलैमध्ये, 'आईचा रिपोर्ट नॉर्मल.' मी हृदयही टाकलं. आकडा आम्ही कोणी वाचला नाही. वाचला असता तरी काय? छापील कागदावर शेजारी लिहिलेलं असतं, पाचपेक्षा कमी म्हणजे नॉर्मल. त्या ओळीला आम्ही लक्ष्मणरेषा समजलो. अलीकडे सुख, पलीकडे मरण.

आणि याच काळात मी एक पत्रक लिहिलं. आमच्या गटाचं आरोग्य शिबिर होतं, मला आत्याच्या आजारावरून स्फूर्ती आली होती. मोठ्या अक्षरांत मथळा: 'रिपोर्ट नॉर्मल? मग निर्धास्त राहा!' उरलेला गठ्ठा आत्याने मासळी बांधायला मागून घेतला. भेटले की म्हणायची, "तुझी पत्रकं लय कामाची गो. जवला सांडत नाय."

दादा तर आणखी पुढे गेला. पनवेलच्या नाक्यानाक्यावर फलक लागलेत, एका रक्तात सगळ्या कॅन्सरची तपासणी, सणाची खास सवलत. त्याने ते पॅकेज करून घेतलं. आई-बापाला हा आजार झाला तर मुलांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं, असं ऑपरेशननंतरच्या कागदावर छापलेलं होतं. पण दुर्बीण खालून घालतात, त्याची दादाला लाज. रक्त दिलं, आकडा नॉर्मल आला, दादा मोकळा. अजून गाठ सापडलेली नाही अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसाला हा आकडा काहीच खात्री देत नाही, हे फलकावर कोण लिहिणार? लिहिलं तर विकणार काय?

मग आला तो मंगळवार, चार पूर्णांक सातचा. त्याच्यानंतर तीन महिने आत्या मजेत राहिली, सांगितलं होतं तशी.

डिसेंबरात आकडा आला चौदा. आता सगळे धावले. स्कॅन झाला. यकृतात तीन गाठी, दोन्ही बाजूंना. त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर डॉक्टर दादाला म्हणाले, "आत्ता कापण्यासारखं नाही." आत्याला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं होतं. बाहेर म्हणजे बाकड्यावर, दोन बाकड्यांमध्ये पाण्याचा कूलर, त्याच्याशेजारी.

"आधीचे रिपोर्ट कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. "मला सगळे ओळीने बघू द्या."

दादाने मान खाली घातली. "फाइल... होळीत टाकली, सर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीत मागे रेलले. "शिकलेली माणसं तुम्ही. खारघरला राहता. पेशंटची फाइल जाळता? मग आम्ही काय करायचं? हवेत बघून सांगायचं?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तर समाजकार्य करता म्हणे."

मला खरंच वाटलं की आम्ही मारलं तिला. आमच्या होळीने, आमच्या अडाणीपणाने, माझ्या टाळ्यांनी. दादा जिन्यात बसून रडला. मी पायी लॅबपर्यंत गेले, कारण रडण्यापेक्षा चालणं मला जमतं. एसटी स्टँडजवळची ती लॅब, जिथे आत्याचं रक्त पहिल्यापासून द्यायचो. काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी. मी म्हटलं, जुने रिपोर्ट हरवलेत, काही मिळण्यासारखं आहे का.

"नाव आणि मोबाइल नंबर सांगा." तिने दोन बटणं दाबली. "सगळे हवेत की फक्त सीईए?"

"म्हणजे सगळे आहेत?"

"असणारच ना ताई. कॉम्प्युटरमध्ये आहेत." प्रिंटर खरखरला. "एकाच पानावर तारखेने देऊ का? ग्राफ पण येतो. कोणी मागत नाही."

कोणी मागत नाही.

मी ते पान स्टँडच्या शेडखाली उभं राहून वाचलं. बावीस. एक पूर्णांक चार. एक पूर्णांक पाच. दोन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक पाच. चार पूर्णांक सात. चौदा. पाचची रेघ ओलांडायच्या आधीच आकडा जिना चढत होता, तीन-तीन महिन्यांना एक पायरी, कोणालाही दिसेल असा. होळीने काहीच जाळलं नव्हतं. सगळं दोन बटणांच्या अंतरावर होतं. एप्रिलमध्ये होतं, जुलैमध्ये होतं, त्या मंगळवारी सव्वाअकरा वाजता होतं. होळीनंतरचे आकडे तर दादाच्या फोनमध्येच होते, आणि बावीसचा आकडा इस्पितळाच्या स्वतःच्या डिस्चार्ज कागदात होता, ज्याची प्रत त्यांच्याकडे असते.

मी परत गेले. नंबर न लावता आत गेले. एक गृहस्थ शर्ट वर करून तपासून घेत होते, त्यांची माफी मागितली आणि पान टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "प्रत्येक व्हॅल्यू रेंजमध्ये होती. रेंजमधल्या आकड्याला मी ॲब्नॉर्मल कसं म्हणू?"

"तुम्ही म्हणू नका. तिने विचारलं होतं. मागच्या वेळी किती होता, दोनदा विचारलं."

"तेव्हा फाइल समोर नव्हती."

"फोन होता. लॅबचा नंबर त्याच कागदावर छापलेला होता."

"मॅडम, बाहेर बघा किती लोक बसलेत." आवाज चढला नव्हता त्यांचा, उलट थकलेला होता. "प्रत्येकाची जन्मकुंडली काढत बसलो तर..."

तो शर्टवाला माणूस मध्येच बोलला. "डॉक्टर, माझी पण मागची व्हॅल्यू जरा बघता का?" मी त्याला कधी विसरणार नाही.

आता उरलं आत्याला सांगणं. घरात ठरलं की सांगायचं नाही. दादा म्हणाला, धक्का बसेल. काकू म्हणाली, "शक्तीचं औषध म्हणून देऊ सलाइन, पहिलं पण तसंच दिलं होतं." माझ्या वडिलांनी, तिच्या सख्ख्या भावाने, मान डोलावली. चौकशी सगळे एकच करत होते, किती दिवस? डॉक्टरला विचारत होते, मला विचारत होते, इंटरनेटला विचारत होते. जिचे दिवस, तिला सोडून सगळ्यांना विचारत होते.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात गेले. आत्या एका बाईला जवळा बांधून देत होती, माझ्याच पत्रकात. 'निर्धास्त राहा!' वर, जवळा आत. गिऱ्हाईक गेल्यावर मी तिच्या पोत्याशेजारी बसले आणि ते पान तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे कं?"

"तुझे आकडे. पहिल्यापासून."

तिने हात पदराला पुसले. आकड्यांवरून बोट खाली आणलं, प्रत्येकाशी थांबत. दोन पूर्णांक सहाशी थांबली. पुन्हा वर गेली, एक पूर्णांक पाचवर. मग पुन्हा खाली. चौदावर पोचायच्या आधीच तिने मान हलवली, बुरशीचा माल आला की हलवते तशी.

"हितं," तिने बोट ठेवलं. एप्रिलवर. "हितं नरम व्हायला लागला हुता."

तिने पान माझ्यापुढे धरलं.

"मना का नाय सांगितलं गो? मी तुमाला इचारत हुते. काल किती नि आज किती, याच्यावर तं माझं पोट हाय. डाक्तरला इंग्रजी येतं, मना येत नाय. पन ह्ये मना येतं." मग आवाज खाली आणून, "परत आलाय ना त्यो?"

"हो."

"कापाचा का?"

"आत्ता नाही कापता येत म्हणतात. तीन आहेत."

तिने समोरच्या बोंबलांवरच्या माश्या हाकल्या. मग शेजारच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं, मथळा अडखळत वाचला आणि म्हणाली, "निर्धास्त! तुझ्या हाताला कं झायलं हुतं, असं लिवताना?" एवढी शिवी मला आजवर कोणी दिली नाही, आणि एवढी बरोबर.

दुसरं मत घ्यायला आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी खुर्ची फिरवली आणि आत्याकडे तोंड करून बोलल्या. दादा मध्येच म्हणाला, "मॅडम, जरा बाहेर बोलूया का?" त्या म्हणाल्या, "आजार यांना आहे. तुम्हाला बाहेर जायचं असेल तर जा." दादा बसला.

मी ते पान पुढे केलं आणि विचारलं, गणपतीनंतर तपासलं असतं तर एकच गाठ असती का?

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. एकटा चार पूर्णांक सात समोर आला असता तर मीही नॉर्मल म्हटलं असतं. पण ही ओळ पाहिली असती, तर महिन्याभरात परत रक्त तपासलं असतं आणि स्कॅन करायला लावला असता. सापडलं असतं की नाही, सापडलं असतं तर किती, ते आता कोणीच सांगू शकत नाही. शोधायला हवं होतं, हे मात्र सांगू शकते."

"मी किती दिस हाय?" आत्याने विचारलं. दादाने डोळे मिटले.

"दिवस मोजून देता येत नाहीत, मावशी. देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपण औषध सुरू करू. दोन-तीन महिन्यांनी आकडा आणि स्कॅन, दोन्ही बघू. आकडा पडला आणि गाठी आटल्या, तर ऑपरेशनचा विचार परत होऊ शकतो. नाही आटल्या, तर वेळ वाढवायचा आणि त्रास कमी ठेवायचा, हे काम राहील. दोन्ही गोष्टी शक्य आहेत."

"मंग आकडा मना सांगाचा," आत्या म्हणाली. "याला नाय. मना."

"तुम्हालाच सांगणार."

आज आत्याच्या पिशवीत, त्याच होळीतून वाचवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, एकच पान आहे. खाली दोन ओळी तिने स्वतःच्या हाताने वाढवल्या आहेत. चौदाखाली नऊ पूर्णांक एक. त्याखाली सहा पूर्णांक आठ. पुढचा स्कॅन पंधरा दिवसांवर आहे आणि त्यात काय निघेल, मला माहीत नाही. सलाइननंतरचे दोन दिवस सोडले तर ती बाजारात बसते. दादाने दुर्बिणीची तारीख घेतली, आत्याने त्याला सगळ्या बाजारासमोर विचारल्यावर, "कं रं, माझ्याहून तुझी लाज मोठी हाय का?"

मी नवीन पत्रक लिहिलेलं नाही. हेच समजा.

तर तुम्हाला सांगते. विनंती करत नाही. तुमच्या घरात या आजाराचं माणूस असेल, तर उद्या लॅब उघडली की जा आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे आकडे तारखेने एका पानावर मागा. कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत. मागितले की देतात. ते पान ज्याचं रक्त आहे त्याच्या हातात द्या, तुमच्या फोनमध्ये नको, कपाटात नको. पुढच्या तपासणीला ते टेबलावर ठेवा. आणि तुमच्या आईने, आत्याने, बापाने मागच्या वेळी किती होता असं विचारलं, तर उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. बाहेर किती का लोक खोळंबलेले असेनात, दार उघडून धरू नका.